पत्ता दोनशे चोपन्न

१ एप्रिल, मंगळवार

कुरुंदा. पत्र्याची दोन शेडं, ट्रॅक्टर तोलायचा एक काटा, हळद तपासायची एक खोली, एक ऑफिस. शेतकऱ्यांची कंपनी म्हणे! आणि एवढ्याशा पसाऱ्यात राउटर किती, तर तीन. पुण्यात मी आठ मजल्यांची इमारत सांभाळत होतो. तिथून कमी केलं आणि नशिबाने इथे आणून बसवलं.

काम महिन्याभराचं. नेट हळू चालतं, काट्यावरची पावती उशिरा निघते, ते बघायचं. त्याहून मोठं काम अध्यक्ष रणजीतरावांनी बसल्या बसल्या सांगितलं. इथलं सगळं वायरिंग देविदास नावाच्या माणसाने केलंय. अकरा वर्षं रोजावर आहे, जवळच्या तांड्यावरचा. त्याला या महिन्यात कायम करायचं आहे. पण संचालकांपैकी दोघांचं म्हणणं, त्याला काही येत नाही. तेव्हा मी अहवाल द्यायचा. सतरा तारखेला बैठक. अहवाल चांगला तर देविदास कायम, नाहीतर घरी.

म्हणजे मी परीक्षक. विद्यार्थी पाहिला. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, कमरेला पक्कड. नेटवर्क शिकलास कुठे, विचारलं. "करून करून," म्हणाला. झालं!

मुख्य राउटर उघडून बघितला तर हसावं की रडावं. त्याचा पत्ता कितीवर ठेवलाय? दोनशे चोपन्नवर! अगदी शेवटच्या नंबरवर. अख्ख्या जगात राउटर एकवर असतो. घरातल्या कर्त्या माणसाला या पठ्ठ्याने गोठ्यात नेऊन बसवलंय. बाकीच्या प्रत्येक यंत्राला हाताने नंबर दिलेत आणि ते एका लांबड्या वहीत उतरवलेत. वहीचं पहिलं पान वाचलं. १ – अध्यक्ष साहेब. २ – उपाध्यक्ष साहेब. ३ – म्यानेजर साहेब. काटा अकरावर, तपासणीची खोली बारावर. नेटवर्क आहे की लग्नातली पंगत? मानपान बघून नंबर! त्या पानाचा फोटो काढून ठेवला. अहवालाला जोडायला उत्तम.

राउटर संध्याकाळी एकवर आणला. निघताना देविदास दारात उभा. "साहेब, एक सांगू का?"

नंतर, म्हटलं.

२ एप्रिल, बुधवार

सगळी यंत्रं आपोआप नंबर घेतील अशी लावून टाकली. अध्यक्षांच्या केबिनला कुलूप असतं, ते नसताना कोणी आत जायचं नाही असा इथला कायदा. त्यांचा लॅपटॉप त्यांच्या घरून मागवून घेतला, नीट केला, परत पाठवला.

दुपारी चारपर्यंत सगळं चकाचक. या माणसाने अकरा वर्षांत केलेला गोंधळ मी दीड दिवसात निस्तरला.

मुख्य राउटरशेजारच्या खोक्यातून एक वायर वर छतात गेलीय. तिचा दिवा लागत नाही. मेलेली वायर. असल्या मेलेल्या वायरी इथे ढिगाने असतील.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेअकराला नेट गेलं. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यापर्यंत. हळदीच्या धुळीने डोळे पिवळे व्हायची वेळ आली. दीडला आपोआप आलं.

काट्यावर संगिताबाई बसतात. वजन घ्यायचं, पावती द्यायची, एवढंच काम, पण तोरा तहसीलदाराचा. मला म्हणतात, "तुमी यायच्या आधी असं कधी न्हवतं, साहेब." मी समजावलं की आधी दोष झाकलेले होते, आता उघडे पडतायत. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ओली हळद वाळली म्हणून खपवतोय.

गुरुवारी आवक जास्त, गर्दी जास्त. भार आला की कच्चं काम उघडं पडणारच. तसं टिपून ठेवलं.

५ एप्रिल, शनिवार

ऑफिस ते काटा सगळी वायर बदलायला लावली. जुनी उंदरांनी कुरतडलेली असणार. काढून बघितली तर दात लागल्याची एक खूण नाही. तरी बदललेली बरी.

देविदास उन्हात खांबावर, मी सावलीत. खाली उतरल्यावर घाम पुसत पुन्हा तेच. "साहेब, त्या एक नंबरचं जरा—"

तेवढ्यात माझा फोन वाजला. ज्यांनी मला इथे पाठवलं त्या नांदेडच्या कंपनीचे साहेब. बोलणं संपेस्तोवर हा गेलेला.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा गेलं. पावणेबारा ते दोन.

आज संगिताबाईंनी शोध लावला. काय, तर "अध्यक्ष साहेब आले की नेट जातंय. गेले की येतंय." म्हणजे रणजीतरावांचा पायगुण! वसमत तालुक्यात मांजर आडवं गेल्याने राउटर बंद पडत असेल तर तेही सांगा म्हणावं, अहवालात घालतो.

बाईंना विचारलं, अध्यक्ष नेमाने कधी येतात? "सोमवारी न् गुरुवारी." आणि आवक जास्त कधी असते? "सोमवारी न् गुरुवारी." झालं ना मग! गर्दीमुळे नेट बसतं, अध्यक्षांमुळे नाही. इतकं सोपं आहे. पण या लोकांना कारण नको असतं, नवल पाहिजे असतं.

८ एप्रिल, मंगळवार

दिवसभर नेट उत्तम. आवक नाही, अध्यक्ष नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

काट्याजवळचा राउटर काल नवा आणून बसवला. आज सव्वाअकराला नेट गेलं. नवा राउटर, नवी वायर, आणि रोग तोच!

एक शेतकरी हट्ट्याहून आलेला, पहाटेपासून रांगेत. माझ्या तोंडावर म्हणाला, "काहून बसवता ह्ये कंप्युटर? आधी हातानं पावती भेटत होती, बराबर भेटत होती." अशा माणसाशी काय बोलणार?

संगिताबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल टिकल्या मारल्यात. तीन, सात, दहा. अध्यक्ष आले ती वेळ एका बाजूला, नेट गेलं ती वेळ दुसऱ्या बाजूला. दोन-चार मिनिटांचाच फरक. मला दाखवताना चेहरा असा की गुन्हेगार पकडलाय. "देविदासला तरी इचारा एकदा," म्हणाल्या.

ज्याच्या कामाची तपासणी करायची त्यालाच विचारू? मग मी कशाला आलोय?

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती, म्हणून हिंगोलीला घरी. बाबा मारुतीच्या देवळात पुजारी आहेत, चाळीस वर्षं. पहाटे त्यांच्यासोबत गेलो, जायलाच लागतं.

देवळात दरवर्षी तेच नाटक. गल्लीतली दोन घरं, पहिला नारळ आपलाच म्हणून हटून बसलेली. माझ्या लहानपणी यावरून डोकी फुटलीत. आता भांडण होत नाही. कसं, ते आज पाहिलं. कोणी यायच्या आत अंधारातच बाबांनी एक नारळ स्वतः फोडला, मारुतीपुढे ठेवला. मग दोन्ही घरं आल्यावर म्हणाले, "पहिला मारुतीचा झाला. आता तुम्ही दोघं बरोबरीनं फोडा." फोडले. खूश!

घरी येताना म्हटलं, बाबा, त्यांना सरळ सांगत का नाही की मान वगैरे सगळं थोतांड आहे? बाबा म्हणाले, "सांगून बघितलं होतं. तुझ्या काकाच्या डोक्याला सात टाके पडले."

जेवताना त्यांनी कुरुंद्याची चौकशी केली. सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "तो माणूस काय म्हणतो?"

"कोण?"

"ज्याचं काम तू तपासतोयस तो."

त्याला काय विचारायचं! बाबांना या विषयातलं काही कळत नाही. देवळाबाहेर त्यांना कशातलंच कळत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. जयंतीची मिरवणूक रस्त्यावरून गेली. खोलीत बसून अहवाल लिहिला. पाच पानं. भाषा चांगली साधलीय. 'मूलभूत ज्ञानाचा अभाव.' 'राउटरचा पत्ता अनाकलनीय कारणाने शेवटी ठेवलेला.' 'पत्त्यांचं वाटप तांत्रिक निकषांवर न करता व्यक्तींच्या मानानुसार.' सोबत वहीच्या पहिल्या पानाचा फोटो.

अनाकलनीय हा शब्द दोनदा आला होता. एक काढला.

१७ एप्रिल, गुरुवार

बैठक झाली. अध्यक्षांच्या केबिनमध्ये जागा पुरेना म्हणून तपासणीच्या खोलीत. मी पाटीवर आकृती काढली. संचालकांना तिसरीतल्या पोरांसारखं समजवावं लागलं. प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. पहिले तीन आकडे गावाच्या नावासारखे, सगळ्यांचे सारखे. शेवटचा आकडा म्हणजे घराचा नंबर. एका नंबरची दोन घरं झाली तर पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे? सगळ्यांनी माना डोलावल्या. रणजीतराव तर म्हणाले, "आता कळलं बघा!"

आणि नेमकं माझं बोलणं चालू असताना नेट गेलं. बाहेर ट्रॅक्टरवाल्यांचा गलका. मी म्हटलं, बघा. याहून मोठा पुरावा काय देऊ?

देविदासला आत बोलावलं. रणजीतरावांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. तो उभाच राहिला. माझ्याकडे नाही, रणजीतरावांकडे बघत होता. वाटलं, आता बोलेल काहीतरी. त्याने तोंड उघडलंही. मग खाली बघितलं आणि "बरं साहेब" म्हणाला.

अकरा वर्षांत बाजू मांडण्याइतकीही अक्कल आली नाही!

जाताना किल्ल्या दिल्या. ती लांबडी वहीपण पुढे केली. मी म्हटलं, नको, मी फोटो काढलाय. ती संगिताबाईंनी घेतली आणि काट्याच्या खणात ठेवली. बाईंनी दिवसभर माझ्याशी शब्द काढला नाही. तेवढीच शांतता.

१९ एप्रिल, शनिवार

आज अब्रू गेली.

सांगलीचे व्यापारी हळद बघायला येणार, म्हणून रणजीतराव सकाळी नऊलाच हजर. संध्याकाळी सहापर्यंत इथेच. आणि नेट नऊला गेलं ते सहापर्यंत नाही! व्यापाऱ्यांना तपासणीचे आकडे पडद्यावर दाखवायचे होते. पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. मी तिन्ही राउटर बंद-चालू केले, वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. घामाने शर्ट अंगाला चिकटला. व्यापारी चहा पिऊन गेले.

रणजीतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "देविदास होता तवा हळू चालायचं, पण चालायचं. तुमी चांगलं करून राहिले का वाटोळं करून राहिले, इंजिनियर साहेब?"

शनिवार होता. आवक जवळजवळ नव्हती. गर्दीमुळे नेट बसतं हे आता कोणत्या तोंडाने म्हणू?

२१ एप्रिल, सोमवार

सापडलं.

सकाळपासून मुख्य राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. नेट उत्तम. अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेर जीप वाजली. एक नंबरची जीप, रणजीतरावांची. केबिनचं कुलूप उघडल्याचा आवाज. बटणं दाबल्याचा आवाज, पंखा, एसी. आणि माझ्या डोळ्यांसमोर, छतात गेलेल्या त्या मेलेल्या वायरीचा दिवा लागला.

दोन मिनिटांत नेट गेलं.

मी वायर उपसली. नेट आलं. खोचली. गेलं. तीनदा केलं. मग लॅपटॉपवरून विचारलं की एक नंबरवर कोण आहे, तर उत्तर माझ्या राउटरने दिलंच नाही. दुसऱ्याच पेटीने दिलं.

केबिनमध्ये गेलो. खुर्चीमागच्या कपाटात, काचेआड, चौथा राउटर. दसऱ्याला पुजलेला. वर हळदकुंकू, वाळलेला झेंडू, आणि पांढऱ्या पट्टीवर मोठा आकडा: १. मी तीन मोजले होते.

"साहेब, हा कशाला?"

"माझा हाय त्यो. ह्या केबिनचा." रणजीतराव खुशीत आले. जीपचा नंबर एक, सभासद नंबर एक, हंगामातली पहिली पावती एक नंबरची. कंप्युटरमध्ये पण नंबर असतात हे कळल्यावर त्यांनी एकच मागितला. "देविदास म्हनला, एक नंबर मेन पेटीला लागतो. मी म्हनलो, मंग ती पेटी अध्यक्ष हाय का मी? दुसऱ्या दिवशी देऊन टाकला त्यानं. हुशार गडी. त्या पेटीला हात लावू नका, बरं का."

नुसता नंबर बदलायचा होता. पाच मिनिटांचं काम. आणि एक वाक्य बोलायचं होतं, की साहेब, देविदासची काही चूक नव्हती, माझी आहे, आणि निम्मी तुमची.

"हो साहेब," म्हणालो.

बाहेर येऊन मुख्य राउटरचा पत्ता बदलला. एकवरून दोनशे चोपन्नवर. तिथे कोणी भांडायला येत नाही. नेट लगेच आलं, आणि रणजीतराव आत बसलेले असतानाही राहिलं.

परवापर्यंत मी ज्याला गोठा म्हणत होतो तिथेच त्याला नेऊन ठेवलं. आणि तो एकवर आणायची एवढी घाई मला तरी काहून झाली होती? राउटर कुठल्याही नंबरवर चालतो. एक नंबरच पाहिजे हा हट्ट रणजीतरावांचा तसाच माझा.

२२ एप्रिल, मंगळवार

संगिताबाईंकडे वही मागितली. त्यांनी खणातून काढून टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. पहिलं पान माहीत होतं. दुसरं उलटलं.

'मेन पेटी २५४ वर. कारण १ अध्यक्ष साहेबांना पायजे. दोन्ही १ वर ठेवल्या तर समद्यांचं बंद पडते, करून पाह्यलं.' तारीख चार वर्षांपूर्वीची. खाली प्रत्येक नंबरासमोर असंच कारण. काटा हाताने अकरावर का. तपासणीची खोली बारावर का. सगळं बरोबर. अनाकलनीय काही नाही.

शेवटच्या पानावर या महिन्याच्या तारखा.

'१ एप्रिल. नवे इंजिनियर साहेब आले. मेन पेटी १ वर नेली. सांगायला गेलो. नंतर म्हनले.

२ एप्रिल. सांगायला गेलो. कामात होते.

५ एप्रिल. सांगायला गेलो. फोन आला.

७ एप्रिल. सांगायला गेलो. पाह्यलं न्हाई.

१० एप्रिल. संगिताबाई म्हनल्या मी सांगते.

१५ एप्रिल. सांगायला गेलो. अहवाल पाठवला म्हनले.'

दोन, सात आणि पंधरा तारखेचं मला आठवतसुद्धा नाही. तो आला असेल, उभा राहिला असेल, गेला असेल. सतराला बैठकीत का बोलला नाही तेही आता कळलं. ज्याच्या नंबरपायी हे सगळं झालं तोच समोर खुर्चीवर बसलेला. त्याच्या तोंडावर काय सांगणार? मी तरी काल काय सांगितलं?

लाज वाटली. संगिताबाई पावत्या फाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचलं?"

हो म्हटलं.

"मंग आता?"

अहवाल मागे घेतो, म्हटलं. आजच लिहितो. खरंच लिहायला बसलो. अर्धं पान झालं. चूक माझी आहे हे वाक्य लिहून झालं होतं.

तेवढ्यात रणजीतरावांचं बोलावणं. पेढ्याचा बॉक्स उघडा. "दोन दिस झाले, नेट येक मिनिट गेलं न्हाई. असा मानूस पायजे! देविदासची जागा मोकळीच हाय. तुमीच या कायम. घर हिंगोलीत, रोज जाऊन येऊन होते. उद्या सांगा."

कागदाची घडी खिशात होती. तिच्यावर हात ठेवून पेढा खाल्ला.

२३ एप्रिल, बुधवार

होकार कळवला. घरी सांगितलं. बाबांनी देवळात जाऊन नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "चांगलं झालं. पण तो माणूस होता ना तिथं, त्याचं काय झालं?"

मी म्हणालो, "कोण?"